दोन डोळ्यांचा कपडा

जुई, निनाद — ही गोष्ट आपल्या घरात कुणालाच माहीत नाही. आजोबांना नाही, तुमच्या बाबालाही नाही. बाजारातल्या दहा-बारा बायकांना ती नुकतीच कळली आहे — कशी, ते पुढे येईल — पण घरात नाही. सात-आठ वर्षं मी ती नीट घडी घालून ठेवली होती. आणि मी नीट ठेवलेली वस्तू माझ्याशिवाय कुणाला सापडत नाही, हे तुम्ही जाणताच.

सुरुवात कुठून करू? कोटापासूनच करते.

तो निळा कोट आठवतो ना, लाकडी बटणांचा? जुई, तू चार वर्षांची असताना बर्फात पहिल्यांदा उभी राहिलीस, त्या फोटोतला. नाक लाल, तोंड रडवेलं, आणि अंगात तो कोट. दर सुट्टीत तुम्ही इथे आलात की मी त्याच्या बाह्या उसवून बोटभर सोडायची. आत दुमडलेल्या कापडाची भरपूर माया ठेवली होती. मग तो निनादला आला. तुमची आई येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगते, ‘हा आमच्या सासूबाईंनी नागपूरहून आणलेला.’ मी तिला कधी अडवलं नाही. पण हे खोटं लहान आहे. ते आधी सांगून टाकते, म्हणजे मोठ्याकडे जाताना हात मोकळे राहतील. कोट नागपूरचा नाही. आमगावच्या आठवडी बाजारातला आहे. ढिगातला.

ढीग म्हणजे काय, ते तुम्हाला कळायला हवं. तुमच्याकडे काचेच्या दुकानात कपडे टांगलेले असतात — त्यात शोधण्यासारखं काय असतं? आमच्याकडे दिवाळी झाली की रायपूरकडचा एक व्यापारी कांदेवाल्यांच्या शेजारी ताडपत्री अंथरतो, गाठोडी सोडतो, आणि देशोदेशीचे जुने गरम कपडे धबाधब ओततो. कंबरेएवढा ढीग. स्वेटर, कोट, शाली, एखादा पडदासुद्धा. डांबरगोळ्यांचा वास. आणि त्याची आरोळी, ‘छाँट लो बहनजी, छाँट लो! सब एक भाव!’

मग आम्ही बायका भोवती उकिडव्या बसतो. मास्तरीण असो नाहीतर मोळीवाली, ढिगापुढे सगळ्या सारख्याच वाकलेल्या. कोपरापर्यंत हात आत जातो, डोळे वर आणि बोटं खाली काम करत असतात. बोटांना कळतं — हे टेरीकॉट, हे सुती, हे नुसतंच गुबगुबीत, आणि ही… ही लोकर. ते कळतं ना, तेव्हा छातीत जे होतं, ते मला निकालाच्या दिवशीसुद्धा कधी झालं नाही.

घरी आणलं की पहिल्यांदा गरम पाण्यात. मग उन्हात. मग दुपारी माझी पायाची मशीन, खडू, टेप, आणि रंगांप्रमाणे लावलेल्या बटणांच्या बरण्या. पहिला आनंद उसवण्याचा. कुठल्या तरी देशातल्या शिंप्याने खांदा कसा बसवला, अस्तर कुठे चोरून जोडलं, सगळं टाक्याटाक्याने उघडत जातं. मग आपली कात्री. एका पडद्याचे मी तीन फ्रॉक केले आहेत. तुमच्या आजोबांचं ते करडं जाकीट — ते मुळात बायकांचं आहे. बटणं उलट्या बाजूला आहेत. ते समजतात, परदेशी फॅशन आहे. बँकेत घालून जातात. ते तसंच राहू द्या.

मी हसवते आहे, नाही का? सांगायचं टाळते आहे. तुम्ही अभ्यास टाळायला लागलात की मी लगेच ओळखायची. मग स्वतःला कशी सोडू?

ढिगाचा एक नियम आहे. कुणी लिहिलेला नाही, पण सगळ्या पाळतात. कपडा मांडीवर आहे तोवर तुझा. मांडीवरून खाली ठेवला की सगळ्यांचा. मांडीवरच्या कपड्याकडे बोटसुद्धा करायचं नाही, दुसरीने कितीही वेळ लावला तरी. या नियमावर तिथे कधी भांडण झालेलं मी पाहिलं नाही.

आणि त्या ढिगावर माझी एक जागा होती. बायकांना इंग्रजी वाचता येत नव्हतं, आणि सगळ्या कपड्यांच्या मानेशी लेबलं इंग्रजीत. मी जन्मभर शाळेत इंग्रजी शिकवलेली बाई. मग एकेका कपड्याची मान पुढे यायची — ‘मॅडम, पाहा जी, का लिवून हाये?’ मी चष्मा चढवायची आणि सांगायची. हे थंड पाण्यात धुवा. याला इस्त्री नको. हे बारा वर्षांच्या मुलाचं माप. मी सांगितलेलं प्रमाण. कुणी दुसरीला विचारून खात्री करत नसे. तो मान मला फार आवडायचा. पगार थांबल्यावर असा मान कुठे मिळतो?

फुलवंताबाई त्या बायकांतली एक. दरेकशाच्या पुढे, जंगलाला लागून तिचं घर. बाजाराच्या दिवशी सकाळच्या गाडीने यायची, डोक्यावर पळसाच्या पत्रावळींचा गठ्ठा. दुपारपर्यंत गठ्ठा संपवायची आणि मग माझ्या शेजारी येऊन बसायची. दोघींना एकच वेड. ‘मॅडम, आज ढीग गोड हाये,’ म्हणायची. आम्ही एकमेकींसाठी वस्तू बाजूला काढून द्यायचो. मैत्रीण हा शब्द आम्ही कधी वापरला नाही, पण दुसरा कुठला वापरणार?

त्या दिवशी तो निळा कोट तिला सापडला.

तिच्या मांडीवर होता. ती त्याच्या बाहीवरून हात फिरवत होती, सुपातले तांदूळ पाहावेत तसा. तिची नात मोनिका तिच्याजवळच राहायची — जुई, तुझ्याच वयाची. तिकडच्या डोंगरात पौषात सकाळी हातपाय आखडतात. कोट थोडा मोठा होता, पण दुमडून दोन-तीन वर्षं गेली असती. सगळं तिने मला सांगितलं, आणि मग मानेशी लावलेलं लेबल माझ्यापुढे धरलं.

मी तीन बाजार असा कोट शोधत होते. तुमची आई तिकडून फोनवर म्हणाली होती, इकडे फार थंडी आहे, जुईला कोट हवा. नवा घेणं परवडत नव्हतं का? परवडत होतं. नागपूरला जाऊन दुकानातून आणता आला नसता का? आला असता. पण मला तो तिथून नको होता. मला तो ढिगातून हवा होता — आणि तो माझ्या हाताला लागायला हवा होता, तिच्या नाही. एवढंच. याहून मोठं कारण मी पुष्कळ शोधलं. नाही सापडलं.

मी चष्मा लावला. लेबलवर लिहिलं होतं, वूल. लोकर. आणि मी वाचून दाखवलं, “लहान मुलांना घालू नये. अंगाला पुरळ येतं.”

तिने कोट मांडीवरून खाली ठेवला.

वर म्हणाली, “बरं झालं जी, तुमी होत्या म्हनून. नाईतर पोरीच्या अंगाची आग झाली असती.” मग पुढे सरकून तिने नीट विचारलं की तो शब्द कोणता, दाखवून ठेवा, म्हणजे पुढच्या वेळी तुम्हाला त्रास नको. मी दाखवला. इंग्रजीतला वूल तुम्हाला ठाऊकच आहे — चार अक्षरं, आणि मधे शेजारी-शेजारी दोन गोल. ती लेबलाकडे टक लावून पाहत राहिली. “दोन डोरे वटारून पाहून राहिला जी हा,” म्हणाली. इकडे डोळ्याला डोरा म्हणतात.

ती ढिगाच्या पलीकडच्या बाजूला गेल्यावर मी कोट उचलला. निघताना तिला तो माझ्या पिशवीत दिसला. मी म्हणाले, पायपुसणं करीन म्हणते. ती म्हणाली, हो, पायाले का होते.

हे मोठं खोटं. पण हे एवढ्यावर थांबलं असतं तर कदाचित मी तुम्हाला लिहिलंही नसतं. मी इतकी चांगली नाही.

झालं असं की फुलवंताबाई मनाची उदार. आपल्याला कळलेलं दुसरीला सांगितल्याशिवाय तिला चैन नाही. पुढच्या हिवाळ्यापर्यंत सगळ्या ढिगाला ठाऊक झालं होतं — दोन डोऱ्याचा कपडा लेकरांसाठी घ्यायचा नाही. त्याच्या पुढच्या हिवाळ्यात मोठ्यांसाठीही घेईनात. नव्या सुनांना सासवा सांगायच्या. लोकर मुळात अंगाला थोडी टोचतेच, त्यामुळे कुणाला शंका आली नाही. उलट कुणी बोट लावून पाहायची आणि म्हणायची, खरंच हाये जी मॅडमचं, खाजवून राहिलं. व्यापारी चक्रावून गेला. ‘यहाँ की औरतें ऊन को हाथ क्यों नहीं लगातीं?’ ऊन म्हणजे त्याच्या हिंदीतली लोकर. शेवटी तो लोकरीचं सगळं वेगळं काढून माझ्यासाठीच ठेवायला लागला.

मुलांनो, काय काय आलं त्या वर्षांत! निनादचा पट्ट्यांचा स्वेटर, आईचं बदामी कार्डिगन, बाबाचा मफलर, तुमच्या दोघांच्या रजयांच्या आतलं अस्तर. तुमच्या घरातली अर्धी ऊब या एका खोट्यातून आली आहे. आणि मला त्या काळात वाईट वाटायचं का? नाही. मजा वाटायची. पिशवी भरून घरी येताना मी रिक्षात गुणगुणायची. हे लिहायला मला सर्वांत जास्त वेळ लागला.

यंदा दिवाळीनंतरच्या पहिल्या बाजाराला फुलवंताबाईने मोनिकाला सोबत आणलं. सहावीत आहे ती. दोन वेण्या, बडबडी, हाताला शाईचे डाग. आल्या आल्या ढिगात घुसली, एक हिरवा स्वेटर ओढून काढला, मान उलटी केली, आणि मोठ्याने वाचलं —

“डब्ल्यू, ओ, ओ, एल. वूल. आजी, वूल म्हन्जे लोकर वो! मेंढीची. पुरळबिरळ काईच नाई लिवलं इथं.”

सगळे हात ढिगात थांबले. सगळे डोळे माझ्याकडे.

आता बघा. कबूल करायला याहून सोपी वेळ कुठली होती? हसून म्हणता आलं असतं. पण मी चष्मा लावला. स्वेटर तिच्या हातातून घेतला, पाहिला, परत तिच्या मांडीवर टाकला. आणि शाळेत वापरायची त्या आवाजात म्हणाले, “अर्धवट वाचू नये, बाळ. आणखी शिकलीस की कळेल.”

फुलवंताबाईने तिला टपली मारली. “मॅडमपेक्षा जास्त शिकली का वो तू?” बायका हसल्या. मोनिकाचे कान लाल झाले. तिने तो स्वेटर मांडीवरून खाली ठेवला.

जन्मभर मी वर्गात उभी होते. अडखळणाऱ्या मुलांना धीर दिला, चुकलेल्यांना पुन्हा वाचायला लावलं. आणि बरोबर वाचलेल्या एका मुलीला मी सांगितलं की तू चुकलीस. तिचं चुकलं नव्हतं, हे तिथे फक्त एका माणसाला माहीत होतं.

पुढच्या बाजारांना ती आली, पण ढिगापासून हातभर लांब बसायची. एका बाईने लेबल पुढे केलं तर म्हणाली, “मले नाई येत.” मी ऐकलं. ऐकून दुसऱ्या कपड्याकडे वळले. आणि मग एका दुपारी फुलवंताबाई माझ्याजवळ सरकली. पोरगी वर्गात वाचायला उभीच राहत नाही, म्हणाली. गुरुजींनी विचारलं की मान खाली घालते. “तिची इंग्रजी कच्ची हाये जी मॅडम. तुमीच पाहिलं ना त्या दिवशी. थोडीसी शिकवून द्याल का? म्या पत्रावळी आनून देईन तुमाले, लागतील तेवढ्या.”

मी हो म्हणाले. दुसरं काय म्हणणार होते?

त्या आठवड्यात मशीनवर बसले पण एक टीप सरळ पडली नाही. आजोबा म्हणाले, चष्म्याचा नंबर बदलला असेल. मी म्हटलं, असेल.

बाजाराच्या दिवशी लवकर गेले. सगळ्या यायची वाट पाहिली. मग ढिगातून एक लोकरीची बंडी काढली, मोनिकापुढे धरली आणि म्हणाले, वाच. ती म्हणाली, मले नाई येत. मी म्हणाले, येतं. तू त्या दिवशी बरोबर वाचलं होतंस. पूर्ण बरोबर. मीही चुकून वाचलं नव्हतं, मुद्दाम खोटं सांगितलं होतं. मग त्या निळ्या कोटाचं सगळं सांगितलं — मांडी, लेबल, पायपुसणं, सगळं. उभं राहून सांगितलं, कारण बसून मला ते जमलं नसतं.

व्यापारीसुद्धा ओरडायचा थांबला. फुलवंताबाईने हातातला कपडा ठेवून माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं कोटाबद्दल बोलेल.

“कोट गेला चुलीत,” ती म्हणाली. “लेकराले खोटी काऊन पाडलीस वो बाई?”

तिने मला पहिल्यांदाच मॅडम न म्हणता बाई म्हटलं, आणि ‘तुमी’ची ‘तू’ झाली. तेव्हापासून तेच चालू आहे.

मग मागून एक म्हातारी, तोंडात दात नसलेली, ठसक्यात बोलली, “म्हन्जे इतके साल आमी थंडीनं कुडकुडून राहिलो, अन् ही बाई मेंढ्या घरी नेऊन राहिली होती का?” आधी एकजण हसली, मग दुसरी. आणि पुढच्या क्षणी सगळ्या अशा तुटून पडल्या त्या ढिगावर, की ताडपत्री एका बाजूने वर आली! ‘दोन डोरे पाहा वो, दोन डोरे!’ स्वेटर हवेत उडत होते. व्यापारी दोन्ही हात डोक्याला लावून ‘अरे फाड़ो मत, फाड़ो मत’ म्हणत होता. माझ्यासाठी वेगळं काढून ठेवलेलं गाठोडंही त्यांनी त्याच्या मागून ओढून आणलं. आणि मधोमध मोनिका. प्रत्येक कपड्याची मान तिच्यापुढे येत होती आणि ती घसा ताणून वाचत होती — शब्दच नाही, बारीक अक्षरंसुद्धा, एकही न गाळता. एका फ्रॉकवर लिहिलं होतं की आगीपासून दूर ठेवा. ते तिने इतक्या गंभीरपणे वाचून समजावलं, की त्या बाईने फ्रॉक शेजारी बिडी ओढणाऱ्या म्हाताऱ्यापासून चटकन बाजूला घेतला.

त्या दिवशी मी रिकामी पिशवी घेऊन घरी आले. आजोबा म्हणाले, आज काहीच नाही मिळालं? मी म्हटलं, ढीग चांगला होता.

निळा कोट मोनिकाला आता होणार नाही. तुझ्याच वयाची आहे ना ती, जुई. मी कितीही माया सोडली तरी होणार नाही. तिचे ते हिवाळे कसे गेले, हे मी फुलवंताबाईला विचारलेलं नाही. तुम्ही त्या कोटाचं काय करायचं, तेही मी सांगणार नाही.

मोनिकाला मी शिकवत नाही. फुलवंताबाईने पुन्हा तो विषय काढला नाही. आता ढिगावर लेबलं मोनिका वाचते, आणि माझी जागा एक हात मागे सरकली आहे.

परवाच्या बाजारात मला एक लाल कार्डिगन मिळालं. काय रंग होता! अगदी पिकल्या टेंभुर्णीच्या वर, जास्वंदाच्या खाली. मांडीवर घेतलं. चष्मा पिशवीत होता, तो काढायला हात घालणार तेवढ्यात मोनिकाने हात पुढे केला.

“आना इकडं, मी वाचते.”

तिने कार्डिगनची मान उलटी केली. बराच वेळ पाहिलं. एकदा आजीकडे पाहिलं.

“नायलॉन हाये मॅडम,” ती म्हणाली. “अंगाले पुरळ येते.”

फुलवंताबाईने पदर तोंडाशी धरला होता. तिचे खांदे हलत होते.

लोकर ओळखायला माझ्या बोटांना लेबल कधीच लागलं नाही. मी चष्मा पिशवीतच राहू दिला, आणि कार्डिगन मांडीवरून खाली ठेवलं.